राणीला घालवायचं बटण

४ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. काकू पत्र लिहिते म्हणजे कुणीतरी गेलं, असं तुमच्या घरात समजतात. अजून कुणी गेलेलं नाही.

तुमच्या त्या सर्वेच्या तळावर फोन लागत नाही, आणि लागला तरी मी बोलणार कुठे? हे समोर बसतात आणि माझे ओठ वाचतात. चाळीस वर्षं मोटरींच्या घरघरीत कान गेले, पण डोळे अजून सुईत दोरा ओवतील असे आहेत.

परवा डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघितले. हे शेजारच्याच खुर्चीत होते. डॉक्टर कागदात मान घालून बोलले, त्यामुळे ह्यांना काही कळलं नाही. ऐकू आलं नाही की हसून मान हलवतात ना, तशी हलवत होते. पोटात गाठ आहे, उशीर झालाय, सहा महिने धरा, असं डॉक्टर सांगत होते आणि हे आपले ‘हो, हो, बरोबर’ करत होते. बाहेर आल्यावर पाटी पुढे केली. मी लिहिलं, ‘पित्त.’

आता काम सांगते. तू तळावर जाताना तुझा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेलास. त्यात तुझा तो राजेरजवाड्यांचा खेळ आहे, ज्यात तू दोन दोन दिवस डोकं घालून बसायचास. तो ह्यांना शिकव. त्यात ऐकावं लागत नाही ना? आणि अवघड आहे ना? अवघडच हवा. सोपा असला तर हे आठवड्यात उरकतील आणि परत खिडकीत बसतील.

मोटरी दुरुस्तीचं दुकान मिस्त्रीला देऊन वर्ष झालं. हे तिथे गेले की मिस्त्री खुर्ची देतो, चहा देतो, पण काम देत नाही. शेजारी ओरडून बोलायला कंटाळतात. मी पाटीवर लिहिते तेवढंच ह्यांचं जग. मी गेल्यावर हा माणूस बोलणार कुणाशी? अवघड काहीतरी हातात असलं, तर कुणाला तरी विचारावं लागेल. विचारायचं म्हणजे लिहावं लागेल. तुला लिहितील. बस, मला एवढंच हवंय.

माझ्याबद्दल ह्यांना कळवू नकोस. आणि येऊ नकोस. तू सुट्टी नसताना आलास की हे दारातच ओळखतील.

काकू


१६ फेब्रुवारी

ती. काकांना लांबूनच वाकून नमस्कार.

इकडे डोंगर मोजायचं काम चालू आहे. अजून वर्षभर तरी उठत नाही इथून. संध्याकाळी तंबूत कॉम्प्युटरवर माझा जुना खेळ खेळतो, पण एकट्यानं खेळायचा कंटाळा आलाय. तुमच्याकडे माझा जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्यातही तो खेळ आहे. तुम्ही शिकता का? मला सोबत होईल.

खेळ इंग्रजीत आहे. लागतील ते शब्द मी वेगळ्या कागदावर मराठीत लिहून दिलेत. हजार वर्षांपूर्वीचा काळ. नकाशावर पाच-सहाशे जहागिऱ्या आहेत. त्यातली डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली, बेटावरची छोटी जहागीर घ्या. तिथे सहसा कुणी येत नाही. पहिली दहा वर्षं लढाई करू नका. किल्ला दुरुस्त करा, सरदारांना गोंजारा, लग्न करा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, काळ आपोआप पुढे जातो. की-बोर्डवरचं सगळ्यात लांब बटण दाबलं की तो थांबतो. काहीही विचार करायचा असला की आधी काळ थांबवा. दोन, तुम्ही मेलात तरी खेळ संपत नाही, तुमचा मुलगा किंवा मुलगी होऊन तुम्ही पुढे खेळता. वारस नसेल तरच खेळ संपतो.

भिंगरी


२ मार्च

भिंगरी,

जेवून आलो तर मी मेलो होतो.

सविस्तर सांगतो. तुझी ती लांब बटणाची सूचना मी मुद्दाम मोडली. चालू मोटर मधेच बंद केली की परत सुरू होताना सहापट करंट ओढते, त्यातच आतली तारेची गुंडाळी जळते. जन्मभर गिऱ्हाइकांना हेच ओरडून सांगितलं. चालू आहे ना? मग चालू दे. म्हटलं, चोवीस वर्षांचा धडधाकट सरदार आहे, त्याला काय होतंय. लग्न लावून दिलं, किल्ल्याचं काम काढलं आणि आम्ही दोघं जेवायला उठलो. काकू हल्ली फार सावकाश जेवते, निम्मं ताट माझ्याकडे सरकवते, त्यामुळे पाऊण तास गेला. येऊन बघतो तर पडद्यावर कवटी. सरदार एकसष्टाव्या वर्षी पडसं होऊन वारले. वारस नाही, खेळ समाप्त.

काकूनं पाटीवर लिहिलं, ‘मी विधवा झाले. चहा टाकू?’

मी इतका हसलो की शेजारीण दारात बघायला आली.

पण खेळ नामी आहे. माणसं हुबेहूब आहेत. एक सरदार आहे, त्याला कितीही मानपान दिला तरी तोंड वाकडं. तो आपल्या जुन्या विद्युत इन्स्पेक्टरसारखा दिसतो. दुसरा डाव उघडलाय. किल्ल्याचं काम व्हायला चार वर्षं का लागतात? मी असतो तर गवंड्याला उभं राहून दीड वर्षात उरकायला लावलं असतं.

काकूला पित्त झालंय. बाकी सगळं ठीक.

काका


१५ मार्च

काका,

तुमचं पत्र तंबूत मोठ्यानं वाचलं. ‘जेवून आलो तर मी मेलो होतो’ ही आता आमच्या तळावरची म्हण झाली आहे. कुणी उशिरा आला की बाकीचे हेच म्हणतात.

काळ थांबवायला घाबरू नका. इथे काही जळत नाही.

आता खरी चूक. तुमच्या पहिल्या डावात वारस का नव्हता, ते तुम्ही बघितलंच नाही. राणीच्या चित्रावर बाण नेऊन ठेवलात की तिची माहिती उघडते. तिच्या नावाखाली सुकलेल्या झाडाचं छोटं चित्र असेल तर तिला मूल होणार नाही. नवीन खेळणारे सगळे इथेच अडकतात, वर्षानुवर्षं वाट बघतात. उपाय सोपा आहे. तिच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा, यादी येईल, खालून तिसरी ओळ: संबंध तोडणे. धर्मगुरूची परवानगी लागते, पण तो लगेच देतो. मग वीस-बावीसची दुसरी बघा. राजाच्या खेळात हे करावंच लागतं, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही.

दुसऱ्या डावात हे आधी तपासा.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

तपासलं. सुकलेलं झाड आहे.

उजवं बटण दाबलं, यादी आली, खालून तिसरी ओळ सापडली. काकू शेजारी स्टुलावर बसली होती. तिनं तुझा शब्दांचा कागद घेतला, ओळ लावली आणि पाटीवर लिहिलं, ‘दाबा की.’

मी यादी बंद केली.

तिनं परत लिहिलं, ‘खेळ आहे तो.’

मला माहीत आहे खेळ आहे तो. पण ती बाई तेवीस वर्षं माझ्या किल्ल्यात आहे. मी दुष्काळात उत्तरेला गेलो तेव्हा कारभार तिनं बघितला, आणि तोंडवाकड्या सरदाराला तिनंच वठणीवर आणलं. तिला काय जळक्या मोटरीसारखं दारात काढून ठेवू? तुला ठाऊक आहे, दुकानाची पहिली दहा वर्षं गुंडाळ्या तुझ्या काकूनं हातानं भरल्या. मी बाहेरची कामं आणायचो, ती आत बसून तार गुंडाळायची. ओठांत आकडे पुटपुटत. एक वेढा चुकला तर सगळं उकलून पहिल्यापासून. तिच्या हातची एक मोटर अजून पीठगिरणीत चालते.

तेव्हा दुसरा डावही संपला. राजा सत्तर वर्षं जगला, सुखानं जगला, खेळ समाप्त.

मधे एक गंमत झाली. शेजारच्या सरदारानं त्याचं धाकटं पोर माझ्याकडे शिकायला ठेवलं. नऊ वर्षांचं. राणी त्याला तलवार शिकवायची, हिशेब शिकवायची. मला वाटलं, चला, हाच वारस. पण मोठा झाल्यावर त्याच्या बापाचं बोलावणं आलं आणि तो गेला. शिकायला ठेवलेलं पोर वारसांत धरत नाहीत म्हणे. मी सगळ्या याद्या शोधल्या, त्याला ठेवून घ्यायचं बटण कुठेच नाही.

तिसरा डाव उघडलाय. तेच बेट.

काका


२० एप्रिल

भिंगरी,

अक्षर बिघडलंय, समजून घे. पाठीला दोन उशा लावून लिहितेय. पोटापेक्षा पाठच जास्त ठणकते आता. हे दुकानात गेलेत, मिस्त्रीकडून कॉम्प्युटरच्या पंख्याला तेल आणायला.

तुझं औषध लागू पडलं. सकाळी उठल्या उठल्या चष्मा लावून बसतात. कुठला सरदार कुणाच्या मेहुण्याचा साडू, सगळं पाठ झालंय. मला बेटाच्या राजकारणाची रोज बातमी मिळते. तुझं पत्र आलं की आधी स्वतः वाचतात, मग मला वाचून दाखवतात, आणि आवाज किती मोठा होतो ते त्यांना कळत नाही. अख्ख्या गल्लीला तुझे डावपेच माहीत आहेत.

पण मला एकच धास्ती आहे. रस्त्यापलीकडच्या पंपाचं बेअरिंग कोरडं पडलंय हे घरात बसून फरशीच्या थरथरीवरून ओळखणारा हा माणूस. मी सहा किलो उतरले आणि ह्यांनी मला एकदाही काही विचारलेलं नाही.

त्या शिकायला ठेवलेल्या पोराबद्दल ह्यांनी तुला लिहिलं, ते मला वाचून दाखवलं नव्हतं. मी नंतर कच्चा कागद बघितला. तू ते मनाला लावून घेऊ नकोस. तू आमच्याकडे आठ महिने राहिलास, नऊ वर्षांचा होतास. तुझे आईवडील न्यायला आले तेव्हा सगळ्यांसमोर तुला ‘कुठे राहायचंय?’ असं विचारलं ते मी. नऊ वर्षांच्या पोराला असं विचारतात का? तू ‘घरी’ म्हणालास आणि त्यांच्याकडे गेलास. तू बरोबरच बोललास. माझा प्रश्नच चुकला. तीस वर्षं हे सांगायचं राहिलं होतं, आता सांगून टाकते.

येऊ नकोस.

काकू


५ मे

काका,

तिसऱ्या डावाचं काय झालं? गेल्या महिन्यात तुमचं पत्र नाही. राणीला अजून ठेवलंयत की नाही?

इकडे आम्ही नदीपर्यंत पोचलो. पलीकडचा उतार इतका सरळ आहे की यंत्र उभं करायला जागा नाही. सुट्टी मिळणं कठीण दिसतंय.

काकूला तासन् तास त्या स्टुलावर बसवून ठेवू नका. तिच्या पाठीला त्रास होत असेल. खेळ काय, नंतरही होईल.

भिंगरी


१९ मे

भिंगरी,

पित्तानं पाठ दुखते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ऐकलं म्हणजे वाचलं. तिच्या पाठीबद्दल मी तुला एका अक्षरानं लिहिलेलं नव्हतं.

तुला दोष देत नाही. तुझ्या पहिल्याच पत्रात मला कळलं होतं. एकट्यानं खेळायचा कंटाळा आला, असं तू लिहिलंस. आमच्याकडे होतास तेव्हा पिठाच्या डब्याच्या झाकणावर खडूनं नकाशे काढत दिवस दिवस एकटा बसायचास. तुला सोबत कधी लागली होती? म्हटलं, हे हिचं काम.

आणि तिचं तर मला त्याच दिवशी कळलं. डॉक्टरचं तोंड मला दिसत नव्हतं. पण तिचा हात दिसत होता. पिशवीचा बंद ती बोटाभोवती गुंडाळत होती. ओठ हलत होते, वेढे मोजत होते. गुंडाळ्या भरायचं सोडल्यापासून मी तिला असं मोजताना याआधी फक्त दोनदा पाहिलंय. एकदा तिचे वडील गेले तेव्हा, आणि एकदा तू तुझी पेटी घेऊन निघालास तेव्हा. बाहेर येऊन तिनं ‘पित्त’ लिहिलं. मी म्हटलं, तिखट कमी करू. दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन डॉक्टरकडून कागदावर सगळं लिहून घेतलं.

मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही, कारण मला कळू नये म्हणून ती एवढी धडपडतेय. ती मला फसवते, मी फसतो. सध्या आमच्या घरात एवढंच काम चालू आहे, आणि आम्ही दोघंही ते मन लावून करतो. तिनं माझ्यासाठी खेळ शोधला. मग मी काय करणार, शिकलो.

तिसऱ्या डावाचं विचारतोस. तीच राणी आहे. सुकलेलं झाड आहे. राजा एकसष्ट वर्षांचा झाला. सहा मे रोजी पडद्यावर चौकट आली. मी कागद काढून शब्द लावले. ‘राणीची प्रकृती ढासळली आहे.’

मी लांब बटण दाबलं.

आज तेरा दिवस झाले. कॉम्प्युटर चालू आहे, काळ बंद आहे. तुझ्या काकूला सांगितलंय की पुढची चाल भिंगरीला विचारल्याशिवाय करायची नाही. जन्मभर लोकांना सांगितलं, चालू मशीन बंद करू नका. आता हे एकच बंद करता आलं, आणि तेही नको तिथे.

ती आता उठत नाही. तिनं तुला येऊ नको लिहिलं असणार. मी ये म्हणतो. ह्या घरात माझं कधी चाललेलं नाही, या खेपेला चालू दे.

काका


३० मे

काका,

तुमचं एकोणीस तारखेचं पत्र आज मिळालं. पूल वाहून गेला म्हणून टपालाची जीप आठवडाभर पलीकडे अडकली होती. उद्या यंत्रं ताब्यात देऊन परवा पहाटे निघतो. हे पत्र आजच्याच जीपनं जाईल, म्हणजे माझ्या आधी पोचेल. काकूला वाचून दाखवा.

सुट्टी मिळत नव्हती हे खोटं होतं. मी मागितलीच नव्हती. तिनं येऊ नको लिहिलं आणि मला बरं वाटलं. मला तिला तसं बघायचं नव्हतं. आज अर्ज भरला. त्यात एक रकाना असतो, सुट्टीत कुठे जाणार. मी ‘घरी’ लिहिलं. साहेबानं तुमचा पत्ता बघितला, माझ्या फायलीतला बघितला आणि म्हणाला, घरचा पत्ता हा नाही. मी म्हटलं, हाच आहे.

भिंगरी


२८ जून

भिंगरी,

तुझं तीस मेचं पत्र अकरा जूनला आलं. तू येऊन, तिला पोचवून, परत तळावर गेला होतास. मी ते हातात घेऊन खुर्चीत बसलो आणि तुला उत्तर लिहायला सतरा दिवस लागले.

तुला तिचे तीन दिवस मिळाले. मला मोठा आधार झाला. तुला दारात बघून ती माझ्यावरच चिडली. पाटी मागून घेतली, लिहिलं, ‘तुम्हाला कधीपासून माहीत?’ मी लिहिलं, ‘पित्तापासून.’ त्यावर ती हसली. आम्ही दोघांनीही ती पाटी पुसली नाही, अजून तशीच कपाटावर आहे. मग तू आणलेली नवी वापरली.

तू गेल्यावर मी लांब बटण दाबून काळ सोडला. राणी बरी झाली. दोन महिन्यांत उठून बसली, आणि पुढची चौदा वर्षं धडधाकट होती. मला तिचा राग आला. पडद्यावरच्या एवढ्याशा चित्राचा राग. मग राजा गेला, तिच्या आधी. वारस नाही, खेळ समाप्त. ती मागे एकटीच किल्ल्यात राहिली असणार, पण खेळ ते दाखवत नाही.

एक विचारायचं आहे, म्हणून लिहितोय. तू आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या खाटेशी बसून पुष्कळ वेळ बोलत होतास. मी थोडा वेळ दारात उभा होतो. तुझं तोंड भिंतीकडे होतं, मला ओठ दिसले नाहीत. तिचा चेहरा दिसत होता, पण ती डोळे मिटून होती. तू पत्रात लिहिलंस ते, घरचा पत्ता हाच म्हणून, ते तू तिला सांगितलंस का? मला ऐकू येत नाही, म्हणून विचारतो. पत्र तर उशिरा आलं.

काका


१२ जुलै

काका,

नाही सांगितलं.

पत्र पोचलं असेल, तुम्ही वाचून दाखवलं असेल, असंच मी धरून चाललो होतो. तिनं विषय काढला नाही म्हणून मीही काढला नाही. मला वाटलं, तिला कळलंय आणि आता बोलायची गरज नाही. ते पत्र कुठल्यातरी टपालाच्या पोत्यात होतं हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचून मी बाहेर जाऊन नदीकाठी बसलो. यंत्र लावणारा गडी विचारायला आला, साहेब, आज मोजायचं नाही का?

त्या दुपारी मी तिला बेटाचा नकाशा सांगत होतो. कुठला किल्ला, कुठला सरदार, पुढच्या डावात तुम्हाला कसं जिंकता येईल. तिनंच विचारलं होतं. मी भिंतीकडे बघून तेच बोलत राहिलो. डोळे मिटून सगळं ऐकून घेतल्यावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, ‘त्यांना जिंकू देऊ नकोस. जिंकले की सोडून देतात. दुकानाचंही तसंच केलं.’ मग तिनं परत डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाली, ‘आणि तू चुका काढायचं सोडू नकोस.’

मला त्या वेळी ते खेळाबद्दलच वाटलं होतं.

तेव्हा काका, चौथा डाव उघडा. तेच बेट घ्या. राणीला घालवायचं बटण, तिच्या चित्रावर उजवं बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत खालून तिसऱ्या ओळीत आहे. दाबू नका. दर पंधरा दिवसांनी मी तुम्हाला ते कुठे आहे ते लिहीन, आणि तुम्ही का दाबलं नाहीत ते मला लिहा.

भिंगरी